वैशाखातला खान्देश आणि सेडानचे पेट्रोल इंजिन : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात मध्यम आकाराच्या पेट्रोल सेडान गाड्यांच्या इंजिनाविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांतील प्रश्न जवळजवळ सारखेच असल्यामुळे ते एकत्र करून उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न (माध्यमिक शिक्षक, जामनेर) : रोज जामनेर ते जळगाव जाणे-येणे आणि महिन्यातून एकदा पुण्याची फेरी, असा माझा वापर राहील. एका गाडीच्या माहितीपत्रकात १४९८ सीसी, १२१ पीएस (अश्वशक्ती) आणि १४५ न्यूटन-मीटर असे आकडे आहेत, तर दुसरीच्या माहितीपत्रकात ९९९ सीसी, ११५ पीएस आणि १७८ न्यूटन-मीटर. लहान इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जास्त कसा? आणि टिकाऊपणाच्या दृष्टीने कोणते इंजिन घ्यावे?

उत्तर : आपण दिलेले पहिले आकडे होंडा सिटीच्या २०२० मध्ये आलेल्या पिढीचे आहेत आणि दुसरे स्कोडा स्लाव्हियाच्या छोट्या टर्बो इंजिनाचे. सीसी म्हणजे सगळ्या सिलिंडरांत मिळून पिस्टन जेवढी जागा झाडून काढतो, तेवढे घन सेंटिमीटर. सिटीच्या आधीच्या पिढीत सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८९.४ मिलिमीटर होती. आपण शिक्षक आहात, वर्गातल्या मुलांकडून वृत्तचितीचे घनफळ काढून त्याला चारने गुणून घ्या. उत्तर १४९७ येईल. मात्र हा आकडा फक्त जागेचा आहे. त्या जागेत हवा किती शिरते, हे तो सांगत नाही आणि टर्बोची सारी गंमत तिथेच आहे. टर्बो इंजिनात धुराच्या जोरावर फिरणारी चक्की बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते, त्यामुळे एक लिटरच्या इंजिनात दीड लिटरच्या इंजिनाइतकी किंवा त्याहूनही अधिक हवा मावते आणि त्या प्रमाणात पेट्रोल जाळता येते.

टॉर्कचा आकडा वाचताना त्याच्या शेजारी छापलेले फेरे, म्हणजे इंजिन मिनिटाला किती वेळा फिरते तो आकडा, कधीही वगळू नयेत. सिटीचे १४५ न्यूटन-मीटर ४३०० फेऱ्यांवर मिळतात, स्लाव्हियाचे १७८ मात्र १७५० फेऱ्यांपासूनच हजर असतात. उसाच्या भरलेल्या ट्रॅक्टरमागे अडकल्यावर तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबताच गाडी पुढे निघते की नाही, हे या दुसऱ्या आकड्यावर ठरते. टर्बो नसलेल्या इंजिनाला अशा वेळी एक गियर खाली उतरवावा लागतो, एवढाच त्याचा दोष. ज्याला तो दोष वाटत नाही त्याच्यासाठी तो दोष नाहीच.

येथे आपल्या भागाचा हिशोबही मांडावा लागेल. हवा तापली की विरळ होते. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांच्या हवेत, तेवढ्याच जागेत सुमारे ६ टक्के कमी प्राणवायू असतो, आणि टर्बो नसलेले इंजिन साधारण तेवढ्याच प्रमाणात मंदावते. त्यात एसी चालू असतो. शिवाय तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन खडखडू नये म्हणून गाडीचा संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. त्यामुळे मे महिन्यात भुसावळच्या बाहेर गाडी ‘ओढत नाही’ असे वाटले तर ते इंजिनाचे दुखणे समजू नये. टर्बो इंजिन ही तूट बरीचशी भरून काढते, पण त्यासाठी ते अधिक तापते, आणि टर्बोला पुरवले जाणारे ऑइल धुराच्या आठशे-नऊशे अंशांच्या शेजारी राहून काम करते.

आपला वापर पाहता मी टर्बो नसलेले दीड लिटरचे इंजिन सुचवीन. मग ते सिटीचे असो, ह्युंदाई व्हर्नाचे ११५ पीएसचे असो किंवा वापरलेली गाडी घ्यायची असल्यास आता बंद झालेल्या मारुती सियाझचे १४६२ सीसीचे असो. या इंजिनांत व्हॉल्व्ह (झडपा) वेळेवर उघडणारी साखळी, म्हणजे टायमिंग चेन आहे, पेट्रोल जोराने दाबणारा हाय-प्रेशर पंप नाही, टर्बो नाही. बिघडू शकतील अशा वस्तूच मुळात कमी आहेत. स्लाव्हियाच्या इंजिनात चेनऐवजी दातेरी पट्टा आहे. तो दीर्घकाळ टिकतो, तरी ठरलेल्या मुदतीला बदलावाच लागतो, आणि जामनेरला हे काम जाणणारा माणूस सहज मिळेल असे मला वाटत नाही. गाडी चालवण्याची हौसच असेल, तर टर्बो घ्यावी. मात्र लांबून वेगात आल्यावर किल्ली लगेच न फिरवता इंजिन मिनिटभर मंद चालू ठेवण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावावी.

प्रश्न (रेल्वे कर्मचारी, भुसावळ) : माझी २०१५ सालची पेट्रोल सेडान आहे, ९२ हजार किलोमीटर झाले आहेत. मे महिन्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढताना तापमानाचा काटा लालच्या जवळ गेला. गॅरेजवाले म्हणतात की थर्मोस्टॅट काढून टाकू, म्हणजे कटकटच नको; आपल्याकडे थंडी कुठे असते? हा सल्ला योग्य आहे काय?

उत्तर : नाही. हा सल्ला आपल्या भागात इतक्या सर्रास दिला जातो की त्याचे उत्तर जरा विस्ताराने द्यावे लागेल.

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यापैकी जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा चाकांकडे जातो. उरलेली धुरावाटे आणि कुलंटवाटे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावाटे) बाहेर टाकावी लागते. थर्मोस्टॅट हा त्या कुलंटच्या वाटेवरचा दरवाजा आहे. आतल्या मेणाच्या गोळीला साधारण ८० अंशांच्या आसपास उष्णता लागली की ती फुगते आणि दरवाजा उघडतो. तो पूर्ण उघडल्यानंतर थर्मोस्टॅट असला काय आणि नसला काय, घाटात फारसा फरक पडत नाही. म्हणजे तो उघडतच नसेल तर नवा बसवावा, काढून टाकण्यात काही साधत नाही. उलट काढून टाकल्यावर सकाळच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, संगणक त्याला थंडच समजून पेट्रोल जास्त सोडतो, ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते, आणि वर्षभराने आपण अ‍ॅव्हरेज का घटले म्हणून मला दुसरे पत्र लिहाल.

मग काटा का चढला? आधी बॉनेट उघडून पुढच्या जाळीतून हातातल्या बॅटरीच्या उजेडात पाहावे. सेडानमध्ये एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर त्याच्या मागे, असे दोन पातळ पडदे जवळजवळ चिकटून असतात. त्या दोहोंच्या मधल्या फटीत काळ्या मातीची धूळ, रस्त्यावरचे किडे आणि हंगामात जिनिंगच्या आसपास उडणारा कापसाचा तंतू यांचा अक्षरशः नमदा तयार होतो. वरून गाडी स्वच्छ दिसते, पण वारा आत जात नाही. पाणी मारायचे ते इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने आणि साध्या नळाच्या जोराने. वॉशिंग सेंटरच्या दाबाने नाजूक पत्रे वाकतात आणि उरलीसुरली वाटही बंद होते. त्यानंतर एसी लावून पंखा फिरतो का ते पाहावे. पंखा दोन वेगांचा असेल तर त्याचा मोठा वेग चालू होतो का, हेही पाहावे. अनेकदा छोटा वेग चालतो, मोठ्याचा रेझिस्टर किंवा रिले गेलेला असतो, आणि सपाट रस्त्यावर ते कधी लक्षातच येत नाही.

तिसरी गोष्ट रेडिएटरचे झाकण. ही दोन-तीनशे रुपयांची वस्तू दाब धरून ठेवते. सुमारे १.१ बार दाब असताना साधे पाणीदेखील १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते, आणि निम्मे ग्लायकॉल असलेले कुलंट त्याहूनही उशिरा. झाकणाची स्प्रिंग सैल झाली किंवा त्याचे रबर कडक झाले की हा सगळा फायदा जातो, कुलंट हळूहळू बाटलीतून बाहेर पडते, आणि कोठेही गळती दिसत नसताना पातळी मात्र घटत राहते.

चौथी गोष्ट मी स्वतः भोगलेली आहे. काही वर्षांपूर्वी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास धुळ्याकडे येताना माझी गाडी अशीच तापली. त्याआधी एका गॅरेजमध्ये होज पाइप बदलून घेतला होता आणि तेथील मुलाने कुलंटऐवजी कूपनलिकेचे पाणी भरून, वरून थोडा हिरवा रंग दिसेल एवढेच कुलंट टाकले होते. रेडिएटर उतरवला तेव्हा त्याच्या वरच्या टाकीत, बंबाच्या नळीला बसते तशी पांढरी, खरखरीत खपली होती. नखाने काढली तर तिचे पापुद्रे निघत. रेडिएटरच्या नळ्या काडीपेटीतल्या काडीइतक्याही जाड नसतात, त्यात अशी खपली बसली की पाणी फिरणार कोठून? आपल्याकडच्या जड पाण्याने हे काम दोन उन्हाळ्यांत होते. कुलंट तयार मिश्रणाचेच घ्यावे, किंवा घट्ट कुलंट घेतल्यास डिस्टिल्ड वॉटरमध्ये कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. आरओचे पाणी अडीअडचणीला चालेल, विहिरीचे नाही.

घाटात काटा चढलाच तर आधी एसी बंद करावा, काचा खाली करून हीटर पूर्ण गरम बाजूला फिरवून त्याचा पंखा मोठा करावा. हीटरचा गाभा हा छोटा रेडिएटरच असतो, तो बरीच उष्णता ओढून घेतो. आपल्याला पाच मिनिटे भट्टीत बसावे लागेल, पण इंजिन वाचेल. वाफ दिसू लागली तर मात्र तत्काळ इंजिन बंद करावे आणि झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावू नये. दाब सुटताच आतले पाणी एकदम उकळून अंगावर येते. या इंजिनांचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, अ‍ॅल्युमिनियमचे असते. ते एकदा वाकले की हेड गॅस्केट (हेडखालची पातळ पट्टी), हेडचे फेसिंग (ते घासून सपाट करणे) आणि पुढे ‘हाफ इंजिन’ अशी खर्चाची माळ लागते. ‘शिरपूरपर्यंत नेऊ कशीबशी’ असे म्हणत दामटलेल्या गाड्यांचीच हेडे बहुधा फेसिंगच्या दुकानात पडलेली दिसतात.

एवढे सगळे ठीक निघूनही तापमान चढत असेल, तर वॉटर पंप आणि हेड गॅस्केट तपासून घ्यावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसणे किंवा इंजिन चालू असताना कुलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येणे, या गॅस्केट गेल्याच्या खुणा होत.

प्रश्न (जिनिंग मिलमधील पर्यवेक्षक, धरणगाव) : मी दर आठवड्याला एअर फिल्टर काढून कॉम्प्रेसरची हवा मारतो. तरीही मेकॅनिक म्हणतो की फिल्टर बदला. एवढी काळजी घेऊनही बदलावा लागतो काय?

उत्तर : आपली काळजीच येथे नडते आहे. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. १५ च्या अ‍ॅव्हरेजने १० हजार किलोमीटर धावलेल्या गाडीने ६० लाख लिटर हवा या कागदातून गाळून घेतलेली असते. कॉम्प्रेसरच्या जोरदार झोताने कागदाचे तंतू विस्कटतात, डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात आणि धुळीतले वाळूचे बारीक कण थेट पिस्टनच्या रिंगांपर्यंत पोहोचतात. शिवाय फिल्टर दर आठवड्याला काढल्याने त्याच्या कडेचे रबर नीट बसत नाही. थोडा मळलेला फिल्टर नव्या फिल्टरपेक्षा धूळ अधिक चांगली अडवतो, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. मोठी धूळ झटकून टाकण्यापुरता महिन्यातून एकदा तो हलकेच आपटावा, आणि पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलावा. पेटीच्या पलीकडच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत स्वच्छ बोट फिरवून पाहावे. बोटाला धूळ लागली तर फिल्टर नवा असूनही उपयोग होत नाही, असे समजावे.

प्रश्न (व्यापारी, नंदुरबार) : २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून माझ्या २०१७ च्या सेडानचे अ‍ॅव्हरेज १७ वरून १४ वर आले. इंजिन खराब होत आहे काय?

उत्तर : दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. इथेनॉलमध्ये प्रतिलिटर ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत २० टक्के मिश्रणात ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी भरते. पण आपण शुद्ध पेट्रोलवरून आलेला नाहीत. देशात १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२२ च्या जूनमध्येच गाठले गेले आणि २० टक्क्यांचे पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीपासून पंपांवर येऊ लागले. १० वरून २० वर जाताना फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १७ चे साडेसोळा-सव्वासोळा. उरलेले दोन-अडीच किलोमीटर इथेनॉलच्या खाती टाकता येणार नाहीत. टायरमधील हवा, चिकटून राहणारा मागचा ब्रेक, जुने स्पार्क प्लग आणि उन्हाळ्यातला एसी, हे क्रमाने तपासावे.

इंजिनाच्या धातूपेक्षा रबरी नळ्या, ओ-रिंगा आणि पेट्रोल पंप यांची चिंता अधिक करावी; २०२३ च्या एप्रिलपूर्वीच्या गाडीत हे भाग या मिश्रणासाठी बनवलेले आहेत का, हे गाडीच्या पुस्तिकेतून किंवा कंपनीकडून विचारून घ्यावे. काही कंपन्यांच्या बऱ्याच जुन्या गाड्याही यात बसतात. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात टाकी तळाला जाईपर्यंत वाट पाहू नये. आपल्या मक्यापासूनही ते बनते, तेव्हा शेतकरी वाचकांकडून त्याची तक्रार कमी येते, हेही नमूद करायला हवे.

प्रश्न (चोपडा) : कंपनीने सांगितलेले ०डब्ल्यू-२० ऑइल पाण्यासारखे पातळ आहे. येथील उन्हात २०डब्ल्यू-५० घालावे, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे.

उत्तर : शेवटचा आकडा ऑइलचा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो, आणि तापलेल्या इंजिनात ऑइल त्याच सुमारास असते, मग बाहेर तोरणमाळची थंडी असो की चोपड्याचा उन्हाळा. बाहेरच्या ४५ अंशांनी आतल्या ऑइलमध्ये जो फरक पडतो तो कुलिंगची यंत्रणा सांभाळते. १०० अंशांनाही ५० चे ऑइल २० च्या ऑइलच्या दुप्पट दाट असते, आणि पहाटे थंड इंजिन सुरू करताना हे अंतर कितीतरी वाढते. व्हॉल्व्हची वेळ पुढे-मागे करणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते आणि तिच्या जाळ्या बारीक असतात. पुस्तिकेत पर्याय म्हणून ५डब्ल्यू-३० दिले असेल आणि गाडी लाखाच्या पुढे गेली असेल, तर ते घालायला हरकत नाही. २०डब्ल्यू-५० मात्र जुन्या जीपसाठी राहू द्यावे. ऑइल साडेतीन लिटरच्या आसपास लागते. बिलावर चार लिटर लिहिले असतील तर उरलेला डबा मागून घ्यावा. आपल्या धुळीत आणि उन्हात १० हजारांऐवजी ७-८ हजारांवर बदल केला तर पैसा वाया गेला असे मी म्हणणार नाही. आणि डिपस्टिक महिन्यातून एकदा, सपाट जागी, सकाळी.

प्रश्न (अमळनेर) : सकाळी सुरू केल्यावर इंजिनातून टिकटिक आवाज येतो. १ लाख १० हजार किलोमीटर झाले आहेत. गाडीला सीएनजी किट आहे.

उत्तर : टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलून उघडणारे भाग, तपासून घ्यावेत. ज्या इंजिनांत ते आपोआप जुळत नाहीत, तेथे दर ४० हजार किलोमीटरला ही तपासणी सांगितलेली असते आणि नेमकी तीच टाळली जाते. सीएनजी कोरडा जळत असल्याने व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू रुततो. असे झाले की टॅपेटची फट वाढत नाही, घटते. म्हणून आवाज नसलेला टॅपेट अधिक धोक्याचा. आपला टिकटिकतो आहे, हे त्या मानाने बरे. फट बहुधा थंड इंजिनावर मोजायची असते. गरम गाडीचे टॅपेट तेथल्या तेथे ‘सेट’ करून देणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांची दाबचाचणी झाली आहे ना, तेही पाहावे.

प्रश्न (निवृत्त गृहस्थ, धुळे) : मुलगा पुण्याला असतो. गाडी तीन-तीन आठवडे उभी राहते. परवा सुरू केली तर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी अडखळते आहे.

उत्तर : गाडी अडखळत असेल आणि दिवा लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, तशीच चालवल्यास न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो, आणि तो या गाडीतल्या सर्वांत महागड्या सुट्या भागांपैकी एक आहे. स्कॅनर लावून कोणत्या सिलिंडरचा कोड आहे ते पाहावे. पण त्याआधी, दोन-तीन आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीत इंजेक्टरच्या आणि कॉइलच्या वायरी डोळ्यांनी पाहून घ्याव्यात. उंदरांना इंजिनाची ऊब आवडते. एक वायर कुरतडलेली असेल तर ती जोडून काम भागते, संपूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलण्याची घाई करू नये. पुढे आठवड्यातून एकदा गाडी नुसती जागेवर सुरू करण्याऐवजी पारोळ्याच्या रस्त्याने वीस-पंचवीस मिनिटे फिरवून आणावी, म्हणजे ऑइलमधला ओलावा उडेल आणि बॅटरीही भरेल. आणि बॉनेट उघडल्यावर प्रथम बॅटरीच्या ट्रेखाली पाहावे. शेंगांची टरफले बहुधा तिथेच सापडतात.